सर्व्होच्या कानातलं रबर

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा वाटतो, त्यांच्यासाठी लिहून काढलाय. बोलताना जे दोनदा आलं होतं ते गाळलंय, बाकी भाषा आपली नेहमीचीच आहे. आणि रेकॉर्डिंगमध्ये मधेच मागून धडधड ऐकू येते ती मालगाडी आहे. चुडाव्यात बसून रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की पूर्णा-नांदेड लाइनीला सोबत घेऊनच करावं लागतं. आज तर ती लाइन विषयातही येणार आहे.

मागच्या भागात आपण रिमोटच्या विमानाचे सर्व्हो कसे निवडायचे ते बघितलं. त्यानंतर तिघा-चौघांनी एकच प्रश्न विचारला. सर्व्होच्या पाकिटात एक बारकी पुडी निघते. तिच्यात चार काळी रबरं, चार पितळी नळ्या आणि चार स्क्रू. "दादा, ही रबरं लावायचीच असतात का? स्क्रू डायरेक्ट मारला तर काय होतं?"

उत्तर द्यायच्या आधी तुमच्या खिशातल्या फोनकडे येऊ. सप्टेंबर २०२१ मध्ये अॅपलने आपल्या वेबसाइटवर एक सूचना टाकली होती. मोठ्या, ताकदवान इंजिनाच्या मोटरसायकलच्या हँडलवर आयफोन लावू नका, ठराविक प्रकारचा थरथराट बराच वेळ बसला तर कॅमेऱ्याची गुणवत्ता कमी होऊ शकते. मोपेड, स्कूटर यांच्यावर लावायचाच असेल तर थरथर शोषून घेणारा माउंट वापरा. कारण काय? त्या कॅमेऱ्याची लेन्स घट्ट बसवलेली नसते. आत एक सेन्सर सतत बघत असतो की लेन्स आत्ता कुठे आहे, कुठे असायला पाहिजे, आणि त्या हिशोबाने तिला हलवत असतो.

सर्व्हो अगदी हेच करतो. फक्त लेन्सच्या जागी दांडी हलवतो.

सर्व्होच्या डबीत चार गोष्टी असतात. एक बारकी मोटर, गिअरची माळ, एक सर्किट, आणि एक पोटेंशियोमीटर. रिसीव्हरकडून साध्या सर्व्होला दर २० मिलिसेकंदाला एक ठोका येतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर मधोमध राहा, १ मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला जा, २ चा असेल तर दुसऱ्या टोकाला. पण आपण आत्ता कुठे आहोत हे सर्व्होला कळतं ते त्या पोटेंशियोमीटरवरून. आत कार्बनची एक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूचा एक बारीक हात घासत फिरतो. हाताची जागा बदलली की व्होल्टेज बदलतं, आणि सर्किटला कळतं की दांडी किती फिरली.

हा पोटेंशियोमीटर तुम्ही बघितलेला आहे. गणपती मंडळाच्या जुन्या अॅम्प्लिफायरचं व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की स्पीकरमधून 'खर्रर्र' आवाज येतो ना? तोच तो. पट्टी एका जागी घासली गेली की हात तिथे नीट टेकत नाही आणि आवाज फाटतो. मंडळाच्या अॅम्प्लिफायरमध्ये आरती फाटली तर लोक हसतात. विमानाच्या सर्व्होमध्ये पट्टी फाटली तर सर्किटला क्षणभर वाटतं की दांडी भलतीकडेच आहे, आणि ते मोटरला उलटसुलट पळवायला लागतं. यालाच मुलं 'सर्व्हो जिटर करतोय' म्हणतात.

आता ही पट्टी सगळ्यात जास्त घासते कुठे? तर मधोमध. विमान सरळ जात असताना स्टिक मध्येच असते, म्हणजे तो हात फ्लाइटचा बहुतेक वेळ त्याच एका जागेवर बसलेला असतो. आणि इंजिनाची थरथर त्याला तिथल्या तिथे घासत असते. सँडपेपर एकाच जागी धरून हलवत राहिल्यासारखं. म्हणून खराब झालेला सर्व्हो टोकांना चांगला वागतो आणि मध्ये आला की बिथरतो. विमानाला सरळ ठेवायची जी जागा, नेमकी तीच बिघडते.

थरथर किती असते ते आकड्यात बघू, नाहीतर ते नुसतं बोलणं वाटेल. नव्याने शिकणाऱ्यांच्या लाकडी विमानावर बऱ्याचदा ०.४६ घनइंचाचं, म्हणजे साधारण ७.५ सीसीचं ग्लो इंजिन असतं. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक. पिस्टन वर-खाली धावतो आणि क्रँकवरचं वजन त्याचा तोल पूर्ण सांभाळू शकत नाही, काही भाग सांभाळतं, उरलेला सगळा विमानाच्या अंगात जातो. असं इंजिन १०,००० आरपीएमवर फिरलं तर सेकंदाला साधारण १६७ वेळा धक्का. समजा सर्व्होची जागा त्या धक्क्याने मधल्या ठिकाणापासून फक्त ०.१ मिलिमीटर इकडे-तिकडे हलतेय. म्हणजे जवळपास एका केसाच्या जाडीएवढं. डोळ्याला दिसणारही नाही. पण गणित केलं तर त्या केसभर हलण्याचं त्वरण येतं गुरुत्वाकर्षणाच्या ११ पट. फुटाबाचा एस३००३ हा जुना आणि सगळ्यांना ठाऊक असलेला सर्व्हो ३७ ग्रॅमचा आहे. म्हणजे त्याला प्रत्येक धक्क्याला आपलं वजन ४०० ग्रॅमच्या वर वाटतं, कधी या बाजूने, कधी त्या बाजूने. सेकंदाला १६७ वेळा. दहा मिनिटांच्या फ्लाइटमध्ये ते लाखभर धक्के झाले.

या लाखभर धक्क्यांमध्ये कार्बनची पट्टी घासते, गिअरचे दात एकमेकांवर आपटतात, मोटरच्या वायरचा सोल्डर हळूहळू तडकतो, आणि सर्व्होचे स्क्रू आपोआप सैल होतात.

इथे आता आपली लाइन येते. चुडाव्याच्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून खाली बघा. रुळांवर उतरायची गरज नाही, वरूनच दिसतं. रूळ सिमेंटच्या स्लीपरवर थेट टेकवलेला नसतो. मध्ये एक रबराचा पॅड असतो, आणि वरून वाकवलेल्या पोलादी सळईची एक क्लिप रुळाला दाबून धरते. गाडी गेली की रूळ पॅडवर किंचित दबतो आणि परत येतो. पॅड नसता तर सिमेंट आणि पोलाद एकमेकांवर आपटून स्लीपर फुटला असता. मला यातली आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. क्लिप किती जोरात दाबणार हे घण मारणाऱ्या माणसाच्या ताकदीवर ठरत नाही. क्लिप ठरलेल्या जागेपर्यंत गेली की तिचा आकारच दाब ठरवतो. माणूस पैलवान असो की काडीपैलवान, दाब तेवढाच.

सर्व्होच्या पुडीतली पितळी नळी हेच काम करते. आणि नेमकी तीच लोक फेकून देतात.

बसवायची पद्धत अशी. सर्व्होच्या दोन्ही बाजूंना जे कान असतात त्यांना खाचा असतात. रबराच्या मधल्या गळ्यात ती खाच बाजूने सरकवायची, म्हणजे रबर अर्धं कानाच्या वर, अर्धं खाली. मग पितळी नळी रबराच्या भोकात घालायची. नळीच्या एका टोकाला रुंद कॉलर असते, टोपीच्या काठासारखी. ही कॉलर खाली, लाकडाच्या बाजूला. म्हणजे नळी खालून वर घालायची. मी आतापर्यंत बघितलेल्या विमानांपैकी निम्म्यांत तरी ती उलटी असते, कारण वरून घातलेली दिसायला छान दिसते, वॉशरसारखी. पण उलटी घातली की नळीचं बारीक टोक लाकडावर येतं, आणि स्क्रू आवळताना ते बाल्सात किंवा लाइट प्लायमध्ये कापत शिरतं. नळी जेवढी आत शिरली तेवढं रबर जास्त चेपलं. मग रबर असून नसल्यासारखं. कॉलर खाली असली की भार पसरतो आणि नळी होती तिथेच राहते.

मग स्क्रू. स्क्रूचं डोकं नळीच्या वरच्या टोकाला टेकलं की थांबायचं. नळी रबरापेक्षा किंचित कमी उंचीची असते, त्यामुळे डोकं नळीला टेकेपर्यंत रबर थोडंसं दबतं, आणि तेवढंच दबायला पाहिजे. ओळखायचं कसं? रबर कानाच्या वर-खाली फुगून बाहेर आलेलं दिसलं तर जास्त आवळलंय. सर्व्होला बोटाने ढकला. तो नखाएवढाही सरकू नये, पण दगडासारखाही वाटू नये. जरा दबला आणि बोट काढल्यावर जागेवर आला की झालं.

लाकूड कच्चं असेल तर स्क्रू तेवढाही धरत नाही. तीन मिलिमीटरच्या लाइट प्लायवर भरवसा ठेवू नका, खालून कडक लाकडाची एक पट्टी चिकटवा. दीड मिलिमीटरचं भोक पाडा, स्क्रू एकदा पूर्ण फिरवून बाहेर काढा, भोकात पातळ सीए ग्लूचा एक थेंब सोडा आणि तो पूर्ण वाळू द्या. मग परत स्क्रू. ओल्या ग्लूमध्ये स्क्रू फिरवलात तर तो सर्व्हो त्या विमानाबरोबरच जाईल, इतकंच सांगतो.

आणि एक गोष्ट, जी पुडीवर लिहिलेली नसते. सर्व्होची डबी आजूबाजूच्या लाकडाला कुठेच टेकायला नको. चारही बाजूंनी एक-एक मिलिमीटर जागा सोडा. चार कानांना रबर लावलं आणि डबीची एक बाजू ट्रेला घासत राहिली, तर थरथर तिथून आत शिरते. वायर जिथून बाहेर येते ती बाजू खास बघा, कारण तिथे डबीला थोडा फुगवटा असतो आणि ट्रेचं भोक मात्र सरळ कापलेलं असतं.

नळी हरवली असेल तर? जुन्या एफएम रेडिओचा ओढून लांब करायचा एरियल बघा. त्याचे बरेच टप्पे वरून चकचकीत असले तरी आतून पितळी नळ्याच असतात. जाडी जुळणारा टप्पा शोधा, उरलेल्या नळीची उंची व्हर्नियरने मोजा, तेवढाच तुकडा कापा आणि टोकं घासून सरळ करा. कॉलर नसते, म्हणून खाली एक बारीक वॉशर घाला. हा जुगाड चालतो. रबराच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा हा जुगाड मात्र चालत नाही, कारण प्रत्येक तुकडा वेगळा दबतो आणि सर्व्हो तिरका बसतो.

हे सगळं एवढं ताणून का सांगतोय, ते सांगतो. एका वर्षी दिवाळीनंतर इंजिनीअरिंगची चार-पाच मुलं विमान घेऊन आमच्या भागात आली होती. सोयाबीन निघालेलं, हरभरा पेरायचा बाकी, त्यामुळे रान मोकळं. शेजारच्या रानात कापसाची वेचणी चालू होती, दहा-बारा बायका आणि बांधावर त्यांची दोन-तीन लेकरं. विमान सेकंडहँड घेतलेलं, ७.५ सीसीचं इंजिन, भरल्यावर अडीच किलो. मुलांनी इंजिन चालू केलं, एकाने शेपटी धरली. मंद थ्रॉटलला सगळं ठीक. अर्ध्या थ्रॉटलला उजवा एलेरॉन आपला आपण थरथरायला लागला. ट्रान्समीटर ज्याच्या हातात होता तो म्हणाला, "दादा, ते इंजिनमुळं हलतंय. वर गेलं की हवेनं दबतं."

मी इंजिन बंद करायला सांगितलं. मग स्टिक अगदी हळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायला लावली. सगळे गप्प. स्टिक मधून जाताना सर्व्होतून 'किर्र किर्र' ऐकू आलं. पंखावरचं झाकण काढलं तर रबरं होती, नळ्या नव्हत्या. स्क्रू इतके आवळलेले की रबर स्क्रूच्या डोक्याखालून भज्यासारखं बाहेर आलेलं. डबी एका बाजूने प्लायला घासून तिथे काळा डाग पडलेला.

"एकच फ्लाइट मारू द्या ना दादा. नांदेडहून भाड्याची गाडी करून आलोत."

त्यांचं म्हणणं मला कळत होतं. गाडीचं भाडं, इंधन, गेलेला रविवार. पण अडीच किलोचं विमान ताशी ८० किलोमीटरने जात असेल तर त्यात जी ऊर्जा असते ती युरियाचं ४५ किलोचं पोतं जवळजवळ दीड मीटरवरून खाली पडावं एवढी असते. आणि पुढे फिरता प्रोपेलर. एलेरॉन एका बाजूला अडकला की विमान लोळतं, आणि लोळलेलं विमान कुठल्या रानात पडायचं हे पायलटला विचारत नाही. मी त्यांना वेचणीकडे बोट दाखवलं. रान ज्यांचं होतं ते मामाही म्हणाले, "पोरांनो, बायामाणसं हायेत तिकडं. आज राहू द्या." मुलं खट्टू झाली, पण विमान गाडीत गेलं. नवीन सर्व्हो, नळ्यांसकट नीट बसवून, पंधरा दिवसांनी ती परत आली. तेव्हा वेचणी संपलेली होती आणि विमान छान उडलं.

आता दुसरी बाजू, कारण "रबर लावलं म्हणजे चांगलं" असा नियम करून टाकणारेही मला पटत नाहीत.

रबर थरथर कमी करतं, पण सगळीच नाही. रबरावर बसलेला सर्व्हो म्हणजे स्प्रिंगवर टांगलेलं वजन. त्याची स्वतःची एक झुलायची गती असते, झोक्याची असते तशी. धक्के त्या गतीच्या साधारण १.४ पटीपेक्षा जास्त वेगाने येत असतील तरच रबर वाचवतं. धक्के नेमके त्याच गतीने आले तर झोक्याला लयीत ढकलल्यासारखं होतं, सर्व्हो उलट जास्त हलतो. म्हणून विमान धरून मंद ते पूर्ण असा थ्रॉटल हळूहळू वाढवत न्या आणि सर्व्होंकडे बघत राहा. एखाद्या मधल्या जागी सर्व्हो धूसर दिसायला लागला तर तिथे त्याची लय जुळतेय. जरा कडक किंवा जरा मऊ रबराने ती जागा सरकते.

शिवाय रबर म्हणजे ढिलाई. सर्व्हो पुशरॉड ओढतो तेव्हा पुशरॉडही सर्व्होला ओढतो. त्या ओढीने सर्व्हो रबरावर अर्धा मिलिमीटर डुलला आणि एलेरॉनचा हॉर्न १५ मिलिमीटरचा असला, तर एलेरॉन जवळपास २ अंश चुकतो. ट्रेनर विमानात ते कळणारही नाही. वेगवान विमानात किंवा अचूक कसरतींमध्ये कळतं, आणि जास्तच ढिलं असलं तर वेगात एलेरॉन फडफडायला लागतो. म्हणून इलेक्ट्रिक विमानं उडवणारे कितीतरी जण सर्व्हो थेट स्क्रूने बसवतात. त्यांचं चूक नाही. ब्रशलेस मोटरला पिस्टन नाही, धक्का नाही. तिथे थरथर येते ती बहुतेक बिघडलेल्या तोलाच्या प्रोपेलरमधून. तो तोल आधी नीट करा. प्रोपेलरच्या हलक्या पात्यावर सेलोटेपचा तुकडा चिकटवून तोल साधायला पाच मिनिटं लागतात आणि रबरांपेक्षा त्याचा फायदा जास्त होतो. ग्लो किंवा पेट्रोल इंजिनावर मात्र मी रबराशिवाय सर्व्हो बसवू देणार नाही, मग समोरचा कितीही सिनिअर असो.

तुमच्यापैकी बहुतेकांकडे थर्माकोल किंवा फोमचं विमान आणि ९ ग्रॅमचे निळे सर्व्हो असतील. त्यांच्या पाकिटात रबर नसतंच. काळजी करू नका, फोम स्वतःच रबराचं काम करतो. हॉट ग्लूने बसवा. फक्त आपल्याकडे एक गोष्ट लक्षात ठेवा. मे महिन्यात परभणीकडे पारा ४२-४३ ला जातो, आणि बंद गाडीत किंवा पत्र्याच्या खोलीत त्याहून कितीतरी जास्त. साठ अंशांच्या आसपास पीएलए प्लास्टिक मऊ पडायला लागतं, म्हणजे थ्रीडी प्रिंटरवर छापलेला सर्व्होचा ट्रे वाकतो. हॉट ग्लूही सुटतो. विमान दुपारी गाडीत ठेवलं असेल तर उडवण्याआधी प्रत्येक सर्व्हो बोटाने ढकलून बघा.

रबरालाही ऊन आणि तेल सोसत नाही. ग्लो इंधनातलं तेल सगळ्या विमानावर उडतं, पेट्रोल गळलं तर साधं रबर फुगतं आणि लिबलिबीत होतं. उन्हाने उलट कडक होऊन तडा जातो. नखाने दाबा. नखाचा वळ तसाच राहिला किंवा बारीक चिरा दिसल्या तर चारही बदला, एकच नको. नवीन बसवताना त्यांना तेल लावून सरकवू नका, जागेवर जात नसेल तर पाण्याचं बोट पुरे.

नवीन सर्व्हो बसवल्यावर पहिल्या दोन-तीन फ्लाइटनंतर स्क्रू एकदा बघा, कारण लाकूड बसतं. नंतर दर दहा फ्लाइटला. तेव्हाच ती स्टिक हळू फिरवण्याची परीक्षाही करा, इंजिन बंद ठेवून, मोबाइलवरचं गाणं बंद करून. कान सर्व्होजवळ न्या. मधल्या जागेवर किर्र ऐकू आलं तर तो सर्व्हो काढा आणि लगेच त्याची वायर कापून टाका, नाहीतर तो डब्यात परत जातो आणि सहा महिन्यांनी कुणीतरी तोच दुसऱ्या विमानात बसवतं.

आणि चुडावा, पूर्णा, लिंबगावच्या पट्ट्यात उडवणाऱ्यांसाठी: नांदेडचं विमानतळ फार लांब नाही. रानात जाण्याआधी डीजीसीएच्या नकाशात आपली जागा कुठल्या रंगाच्या झोनमध्ये येते ते फोनवर बघून घ्या.

पुढच्या भागात पुशरॉड. सायकलच्या स्पोकपासून चांगला पुशरॉड होतो का, हा प्रश्न तीनदा आलाय. दोन स्पोक वाकवून बघितलेत, त्यांचं काय झालं ते तेव्हा सांगतो.